डाव्या बाजूचा आतला टायर

आधीच सांगून ठेवतो, मी गेजवाला माणूस आहे, हवेच्या काट्यावर दिसेल तेवढंच मानणारा. भूत, चकवा, कोणी दिसलं, कोणी हाक मारली... असल्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा सांगायला जातो. बडनेरा रोडवर, अमरावतीत शिरायच्या थोडं अलीकडे माझं टायरचं दुकान आहे. इथे येणारा प्रत्येक ड्रायव्हर रॉडने टायर ठोकतो, कान देतो आणि मोठ्या तोऱ्यात सांगतो, "हवा बराबर हाये." मला हसू येतं. अरे बाबा, मग गेज कशाला बनवलं? ठोकून कळत असतं तर डॉक्टरनेही ठोकूनच औषध दिलं असतं! तर असा मी. आणि तरी हे लिहायला बसलोय, कारण वर्ष होत आलं, डोक्यातून जात नाही.

माझा मोठा भाऊ, दादा, स्वतःचा सहाचाकी ट्रक चालवायचा. बाबा गेले तेव्हा मी आठवीत होतो. दादाने कॉलेज सोडलं, स्टेअरिंग धरलं, मला आयटीआय करू दिली आणि पुढे हे दुकानही त्यानेच उभं करून दिलं. तोंडाचा फटकळ, पण माझ्यासाठी बापाच्या जागी.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. दादा अकोल्याहून तूरडाळीचे कट्टे भरून धारणीला निघाला होता. परतवाड्याच्या पुढे मेळघाटाचा घाट लागतो, तो त्याला उजेडात पार करायचा होता. मूर्तिजापूर सोडल्यावर मागच्या डाव्या बाजूचा आतला टायर बसला. बाहेरच्या टायरवर हळूहळू रेटत, साडेदहाच्या सुमारास तो माझ्या दारात आला.

"कापला गेला बे तो. दुसरा टाक लवकर, अन् च्या सांग," दादा म्हणाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रकच्या मागे एकेका बाजूला दोन-दोन टायर असतात, एक आत, एक बाहेर. ही जोडी जमली पाहिजे. साइज एक, रेडियल असेल तर दोन्ही रेडियल, आणि घेरही सारखा. नवाकोरा टायर झिजलेल्याच्या जोडीला बसवला की उंच असतो तो एकटा सगळा लोड ओढतो, तापतो आणि फुटतो. उंच आणि ठेंगणा बैल एका जुवाला जुंपल्यासारखं आहे ते. म्हणून मी नुसत्या डोळ्यावर जात नाही, दोन्ही टायरना टेप लावतो. त्या दिवशीही लावला. बाहेरच्याला जुळणारा एक चांगला वापरलेला टायर माझ्याकडे होता, घेरात पाच मिलिमीटरचाही फरक नाही. बसवला, नट समोरासमोरचे धरून आवळले, हवा भरली. गेजवर एकशे दहा, पाहिजे तेवढीच. काम खलास.

आता दादाची सवय म्हणजे निघण्याआधी सगळे टायर ठोकायचे. त्याने रॉड घेऊन फेरी मारली. टण्ण, टण्ण, टण्ण... आणि आतल्या टायरवर रॉड पडला तेव्हा मला जो आवाज आला, तो टायरचा नव्हताच. ओल्या पोत्यावर काठी पडावी तसा. भद्द.

"थांब. त्यात हवा नाही," मी म्हणालो.

"आत्ताच तं भरली तुनं!"

गेज लावलं. एकशे दहा. पुन्हा ठोकलं. पुन्हा भद्द. माझ्या शेजारी एक रिटायर्ड मास्तर उभे होते, त्यांच्या कारचे टायर बदलून झाले तरी गंमत बघत थांबलेले. मी विचारलं, "मास्तर, कसा वाटते आवाज?"

"चांगला खणखणीत आहे की," ते म्हणाले.

मी जॅक लावला. आतला टायर काढायचा म्हणजे आधी बाहेरचा उतरवावा लागतो, सगळी मेहनत दुप्पट. दोन्ही उतरवले. आतला उघडून ट्यूब पाण्यात बुडवली, एक बुडबुडा नाही. टायरमधून हात फिरवला, ना खिळा, ना आतलं कापड फाटलेलं. रिमही पाहिली. पुन्हा चढवला, हवा भरली, रॉड मारला... भद्द.

मग माझंच डोकं फिरलं. मी जोडी उलटी केली, आतला बाहेर आणि बाहेरचा आत. आता पहिला टायर बाहेरून टण्ण वाजायला लागला, आणि जो बाहेर मस्त वाजत होता तो आत गेल्याबरोबर भद्द! म्हणजे दोष टायरचा नव्हता. चाकाचा हब पाहिला, बेअरिंग पाहिलं, कमानीचे पाटे पाहिले. सगळं ठीक. चाकं परत चढवली, तरी आत भद्दच.

एव्हाना दीड वाजला होता. दादाचा पारा चढला. "काय लावलं बे हे? मले घाट उजेडात उतरू देतं का नाई? टायरमंधली हवा बराबर हाये, तुह्याच डोक्यातली कमी झाली!"

"मी गाडी सोडत नाही."

"काहून?"

काय सांगणार? मी, गेजवाला, त्याला म्हणू का की आवाज बरोबर येत नाही? तरी तेच म्हणालो. दादा आधी हसला आणि मग खरंच चिडला. मी केबिनमध्ये चढून चावी काढली आणि खिशात टाकली. मोठ्या भावाच्या गाडीची चावी काढून घ्यायची! आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यासमोर असा उभा राहिलो.

"मोठा शहाणा झाला तू. ठेव चावी, मी बी इथून हालत नाई," म्हणत तो दुकानातल्या बाकावर जाऊन बसला.

पाच-सात मिनिटं झाली असतील. मास्तरांनी मला खूण केली. दादाचा शर्ट पाठीला चिकटला होता. डिसेंबरात, सावलीत.

"पित्त झालं लेका. पाठ धरली," तो म्हणाला, आणि पाण्याचा ग्लास त्याच्या हातातून सुटला.

मास्तरांनी विचारायचीही वाट पाहिली नाही. दादाला कारच्या मागच्या सीटवर टाकलं, त्याचं डोकं माझ्या मांडीवर. दवाखाना दहा मिनिटांवर होता. डॉक्टर नंतर म्हणाले, हार्ट अटॅक होता, ब्लॉकेज जुनं होतं, आज ना उद्या हे होणारच होतं, वेळेवर आणलं म्हणून हाती लागले. मी मनात हिशेब केला. साडेअकराला गाडी सोडली असती, तर ती वेळ परतवाड्याच्या पुढे, घाटात, भरल्या गाडीच्या स्टेअरिंगवर आली असती. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून लहान पोरासारखा रडलो.

संध्याकाळी वहिनी आल्या. चावीवरून झालेलं भांडण त्यांच्या कानावर गेलं होतं. "भाऊजी, तुमी त्यायच्याशी भांडले म्हनून तं नाई झालं हे?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न मीच मला शंभर वेळा विचारला होता. मग मी त्यांना आवाजाचं सांगितलं. वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. पदराने डोळे पुसत एवढंच म्हणाल्या, "मंग बरं झालं, भांडले तं."

दोन दिवसांनी दुसरा ड्रायव्हर ट्रक न्यायला आला. मी काहीच बदललं नव्हतं. तेच टायर, तीच हवा. डाव्या बाजूच्या आतल्या टायरवर मी रॉड मारला. टण्ण. पुन्हा मारला, चारदा मारला. प्रत्येक वेळी टण्ण. चावी दिली, डाळ धारणीला सुखरूप पोचली.

मास्तर म्हणतात, तुमच्या मनाने भावाचा चेहरा वाचला असेल, तुम्हाला वाटलं टायर बोलतोय. असेलही. शिकलेला माणूस आहे, खोटं कसं म्हणू? पण मी तर सारा वेळ टायरशीच झटत होतो, दादाच्या तोंडाकडे धड पाहिलंच नव्हतं. आणि जोडी उलटी केल्यावर आवाज आतच कसा राहिला?

दादाने आता गाडी चालवणं सोडलंय. रोज दुकानात येऊन बसतो, गिऱ्हाइकांना फुकटचे सल्ले देतो. परवा चहा पिता पिता त्याने एकदम शर्टाची वरची बटणं उघडली आणि छाती पुढे केली.

"घे. ठोकून पाय बरं, कसा आवाज येते आता."

दुकानातले सगळे हसले. मीही हसत हसत हात वर नेला. पण ठोकायची काही माझी हिंमत झाली नाही. तसाच त्याच्या छातीवर पंजा ठेवून उभा राहिलो.

"काय बे?" दादा म्हणाला.

"काही नाही. चहा पी," मी म्हणालो.