पहिल्या फेरीत पास

कथबर्ट नॅट्रसने उभ्या जन्मात चारचाकीचा परवाना काढला नाही. उत्तर इंग्लंडमधल्या आल्स्टन गावच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, तो कामाला लागला तेव्हा पोरांना परवडायची ती मोटारसायकलच. पुढे मोटार परवडू लागली, पण सवय मोडली नाही. फाउंड्री बंद पडली, तो शाळेच्या बॉयलरवर लागला, केस पिकले, तरी गडी दोन चाकांवरच राहिला. थेल्माशी लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईने विचारलं होतं, "पाऊस आला तर माझ्या मुलीला कुठे बसवशील?"

"माझ्या मागे," कथबर्ट म्हणाला. "पाठ रुंद आहे माझी."

त्या पाठीमागे बसून थेल्मा स्कॉटलंडची बेटं फिरली, नॉर्वेचे घाट चढली, आयर्लंडच्या पावसात भिजली. नीट बसली की ती त्याच्या पाठीवर दोन थापा मारायची. त्या दोन थापा पडल्याशिवाय कथबर्टने कधी गाडी हलवली नाही.

मूलबाळ नव्हतं. त्याची शेवटची गाडी होती ती लांबच्या प्रवासाची, दोन्ही बाजूंना पेट्या आणि पुढे उंच काच असलेली. तिला थेल्माने नाव दिलं होतं डचेस. वळणावर ती एखाद्या थोरल्या घरच्या बाईसारखी सावकाश मान वळवते, असं थेल्माचं म्हणणं.

दर वर्षी मे महिन्यात डचेसची तपासणी असे. सगळे तिला एमओटी म्हणतात. ती पास झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची सोय नाही. आधी अ‍ॅलन पीअर्टच्या गॅरेजात आणि तो गेल्यावर त्याची मुलगी गेल हिच्याकडे डचेस जायची, आणि दर वर्षी पहिल्या फेरीत पास होऊन परत यायची. साधी ताकीदसुद्धा कधी लिहून आली नाही. पबमध्ये लोक त्याला छेडायचे.

"काय रे, पीअर्टला काय चारतोस?"

"गाडीला चारतो," कथबर्ट म्हणायचा. "वेळेवर तेल आणि वेळेवर लक्ष. तुम्ही बायकोलासुद्धा दोन्ही देत नाही."

तपासणीच्या तयारीत दोघांची कामं वाटलेली होती. इंजिन, ब्रेक, टायर, दिवे त्याच्याकडे. धुणं आणि चकाकी थेल्माकडे. थेल्मा बादली आणि चकाकीच्या फवाऱ्याचा डबा घेऊन शेडमध्ये शिरली की त्याला बाहेर काढायची. "इंजिन तुझं, तोंड माझं. जा, चहा टाक." तो जायचा. तासाभराने दार उघडायचं आणि डचेस आरशासारखी लखलखत असायची.

थेल्माला एकच वाईट खोड होती. कुठल्याही लॉजवर मुक्काम केला की न्हाणीघरात ठेवलेली प्लास्टिकची टोपी, केस भिजू नयेत म्हणून असते ती, हळूच उचलून पेटीत टाकायची.

"चोरटे," कथबर्ट म्हणायचा, "डोक्यावर केस किती, टोप्या किती!"

"लागतात मला."

"बर्गनला तर दोन उचलल्यास."

"दोन लागतात," ती म्हणायची आणि पुढे काही सांगायची नाही. त्या टोप्या शेडमधल्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात साठत गेल्या. कथबर्टने कधी विचारलं नाही. बायकांचं काही असेल, असं समजून सोडून दिलं.

थेल्मा आजारी पडली ती हिवाळ्याच्या शेवटी. आधी पाठदुखी म्हणून गेली, मग कळलं की दुखणं पाठीचं नाही. वसंतात तिला पेनरिथच्या शुश्रूषालयात हलवलं. आल्स्टनहून पेनरिथ म्हणजे हार्टसाइडचा घाट ओलांडून पलीकडे. कथबर्ट रोज जायचा. वारा असो, धुकं असो, डचेस कुरकुर न करता त्याला पोचवायची. या धावपळीत तपासणीची तारीख उलटून गेली. लक्षात आलं तेव्हा त्याने सहज बोलता बोलता थेल्माला सांगितलं. ती उशीवरून मान उचलून चिडली.

"पास करून आण आधी! एमओटी नसलेली डचेस घेऊन या दारात पुन्हा दिसलास तर नर्सला सांगून हाकलून देईन."

"एक दिवस जाईल त्यात."

"जाऊ दे. मी कुठे पळतेय?"

म्हणून तो एक दिवस घरी राहिला. ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, टायरमधली हवा पाहिली. मग बादली भरली. चकाकीचं काम त्याने कधी केलं नव्हतं, पण मळकी गाडी घेऊन गेलो हे थेल्माला कळलं तर ती काय म्हणेल, या धास्तीने त्याने फवाऱ्याचा डबा शोधला. फळीवर त्याच्याशेजारीच बिस्किटांचा डबा होता. झाकण उघडलं तर आत तिच्या टोप्या, एकीत एक घातलेल्या. निळी ठिपक्यांची, पिवळ्या फुलांची, साध्या पांढऱ्या.  त्याने झाकण घट्ट लावलं आणि डबा मागे सारला. मग डचेसवर पुढून मागून सढळ हाताने फवारा मारला आणि मऊ फडक्याने पुसून काढली. थेल्मानेसुद्धा शाबास म्हटलं असतं, इतकी ती चमकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. नर्स होती.

"मिस्टर नॅट्रस, आज या. उद्यावर टाकू नका. जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर."

"मी परवा आलो तेव्हा ती माझ्याशी भांडली," कथबर्ट म्हणाला.

"हो," नर्स म्हणाली. "पण आज या."

 शेजारच्यांची मोटार मेंढ्यांच्या बाजाराला गेली होती. गावातली एकमेव टॅक्सी शाळेच्या मुलांच्या फेऱ्यांवर. बस त्या दिवशी नव्हती. पण तपासणीची वेळ सकाळचीच होती. डचेस पहिल्या फेरीत पास होते. गेलकडून थेट घाटाला लागायचं, असं त्याने मनाशी ठरवलं आणि हेल्मेट चढवलं. चौकात ब्रेक दाबला तर गाडी पांढऱ्या रेषेच्या पुढे घसरत गेली. समोरच्या व्हॅनवाल्याने भोंगा वाजवला. कथबर्टला वाटलं, आपलाच हात सैल पडला. 

गेल पीअर्ट पन्नाशीला टेकलेली, बापासारखीच आडव्या बांध्याची. लहानपणी ती कथबर्टच्या मोटारसायकलच्या टाकीवर बसून गावाला चक्कर मारायची. त्याला अजून अंकल म्हणते.

"अंकल, आज डचेस लग्नाला निघालीय का? काय चमकतेय!"

"लवकर कर, गेल. थेल्माकडे जायचंय."

त्याचा आवाज ऐकून तिने थट्टा आवरली. दिवे पाहिले, भोंगा, स्टीअरिंग, चेन. मग पुढचं चाक जमिनीत बसवलेल्या फिरत्या रुळांवर चढवलं आणि ब्रेक दाबला. ब्रेकचा जोर दाखवणारा काटा हलला न हलला. तिने पुन्हा दाबला. मग खाली बसून डिस्कवर, ब्रेक जिला चिमटून धरतो त्या चाकाच्या चकतीवर, बोट फिरवलं, बोटाला बोट चोळलं आणि वास घेतला.

"अंकल, डिस्कवर काय मारलंत?"

"काही नाही. चकाकीचा फवारा. दर वर्षी थेल्मा मारते तोच."

"डिस्कवर?"

"सगळीकडे."

"अरे देवा," गेल हळूच म्हणाली. "पुढे ब्रेकच नाही तुम्हाला. डिस्क पुसता येईल, पण ब्रेकचे पॅड तेल पिऊन बसलेत. बदलावे लागतील. या गाडीचे माझ्याकडे नाहीत. कार्लाइलहून मागवावे लागतील."

"दर वर्षी हाच फवारा मारते ती, गेल! हाच डबा! कधी काही झालं नाही."

"यंदा झालं."

"पास लिही."

"अंकल..."

"लिही पास! तुझा बाप असता तर लिहिलं असतं. मी सावकाश जाईन, मागच्या ब्रेकवर जाईन. मी हा घाट तुझ्या जन्माच्या आधीपासून उतरतोय."

"बाप असता तर किल्ली काढून घेतली असती," गेल म्हणाली आणि तिने खरोखरच डचेसची किल्ली काढून खिशात घातली. "हार्टसाइडच्या उतारावर पुढचा ब्रेक नाही म्हणजे आज दोन माणसं जायची. थेल्माआंटीला मी काय सांगू?"

कथबर्ट तिच्या अंगावर धावून गेला. बहात्तर वर्षांचा माणूस, गॅरेजच्या मध्यभागी मूठ उगारून उभा. मग मूठ उघडली आणि त्या हातांनी त्याने तोंड झाकलं. "ती जातेय, गेल. आज जातेय. मी काल गाडी पुसत बसलो होतो. एक अख्खा दिवस गाडी पुसत बसलो होतो."

गेलची व्हॅन नवऱ्याने हेक्सहॅमला नेली होती. तिने भिंतीकडे पाहिलं. तिथे तिची स्वतःची मोटारसायकल उभी होती.

"बसा मागे," ती म्हणाली.

"मी?"

"नाही, डचेस! बसा चटकन."

कथबर्ट मोटारसायकलवर कधीच कोणाच्या मागे बसला नव्हता. फाउंड्रीच्या दिवसांतही नाही. पाय कुठे ठेवायचे ते त्याला सापडेना. गेलने इंजिन चालू केलं आणि मागे वळून ओरडली, "बसलात का?"  मग त्याने तिच्या पाठीवर दोन थापा मारल्या.

मागून रस्ता दिसतच नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. समोर फक्त कातडी जाकिटाची शिवण, आणि बाजूने पळणारे दगडी बांध. वळण येतंय हे वळणात शिरल्यावर कळतं. हाती हँडल नाही, ब्रेक नाही, काही नाही. पहिल्याच वळणावर तो आपोआप उलट्या बाजूला कलला आणि गाडी डुचमळली.

"लाकडासारखे बसू नका!" गेल ओरडली. "माझ्याबरोबर झुका!"

हेच शब्द त्याने थेल्माला ऐकवले होते. लग्नानंतरच्या पहिल्या फेरीत, याच रस्त्यावर, आणि हसलाही होता. माथ्यावर धुकं होतं. त्याने डोळे मिटले आणि गेलला घट्ट धरलं. वाटेत त्याने ठरवून टाकलं. थेल्मा दर वर्षी एकच प्रश्न विचारते. तो विचारला तर सांगायचं, पास झाली. मरणाऱ्या माणसाला काय सांगायचं ते आपल्या हातात असतं. निदान एवढं तरी.

शुश्रूषालयाच्या खोलीत थेल्मा जागी होती, पण फार आत गेल्यासारखी. गाल बसले होते. तो हेल्मेट हातात घेऊन खुर्चीवर टेकला. तिचा हात थंड होता. बऱ्याच वेळाने तिने ओठ हलवले.

"पास झाली ना?"

त्याने तोंड उघडलं. घाटभर घोकलेला शब्द जिभेवर होता.

"नाही," तो म्हणाला. "ब्रेकवर गेली. मी पुसली ना... काय झालं कळत नाही, थेल्मा. तोच फवारा. डिस्कवर गेला म्हणते गेल. आजवर कधी..."

थेल्माच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आधी त्याला वाटलं कळ आली. मग कळलं, ती हसतेय.

"टोप्या नाही घातल्यास?"

"कसल्या टोप्या?"

"वेड्या," ती म्हणाली. मध्ये तिला दम खावा लागला. "डिस्कला. पुढे दोन, मागे एक. मग फवारा मारायचा. दर वर्षी..."

कथबर्टने हातातलं हेल्मेट खाली ठेवलं. दर वर्षी. शेडचं दार बंद करून. आणि तो पबमध्ये छाती फुगवून सांगायचा, वेळेवर तेल आणि वेळेवर लक्ष.

"का नाही सांगितलंस मला?"

"तू किती खूश असायचास," थेल्मा म्हणाली. मग तिने विचारलं, "मग आलास कसा?"

"गेलच्या मागे बसून."

तिने डोळे उघडून त्याच्याकडे नीट पाहिलं. "भ्यायलास?"

"फार. माथ्यावर डोळे मिटले मी."

"मीही मिटायचे," ती म्हणाली. "प्रत्येक वळणावर. नॉर्वे मी पाहिलंच नाही, कथबर्ट."

त्यानंतर ती बोलली नाही. संध्याकाळपर्यंत तो हात धरून बसला. गेल बाहेरच्या बाकावर थांबली होती. दिवे लागायच्या सुमारास नर्सने येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तरी त्याला वाटलं थेल्मा अजून हसतेय.

दफन झाल्यावर काही दिवसांनी कार्लाइलहून आलेले पॅड गेलने बसवले. डचेस गॅरेजच्या आवारातच उभी होती, धूळ खात. कथबर्ट चालत आला. एका हातात बादली, काखेत बिस्किटांचा डबा.  डचेस धुतली, डिस्कना टोप्या घातल्या, फवारा मारला, पुसली. गेल दारात उभी राहून पाहत होती. मग तिने डचेस आत ढकलायला घेतली आणि थबकली. खाली वाकून तिने मागच्या डिस्कवरची एक टोपी काढली, पिवळ्या फुलांची.

"अंकल, ही राहिली होती."

त्याने ती झटकली, दुमडली आणि डब्यात ठेवली.

या खेपेस काटा सरळ वर गेला. गेलने किल्ली त्याच्या हातात दिली.  तो बसला, इंजिन चालू केलं, क्लच दाबला, गिअर टाकला. आणि तसाच राहिला. फाटक उघडं होतं, रस्ता मोकळा होता. गेलला वाटलं, काही बिघडलं असावं. ती दोन पावलं पुढे आली, आणि मग तिला त्याची पाठ दिसली. ताठ, थोडी मागे रेललेली, वाट पाहत असलेली.

डचेस एका सुरात चालू होती. तिच्यात काही दोष नव्हता.