चपलांच्या ढिगाजवळ बसलेला पाहुणा

परवा वारंगा फाट्याहून हिंगोलीला निघालो होतो, गाडीची क्लच वायर आणायला. पण वाटेत मावशीचं गाव लागतं, आणि त्या दिवशी तिथल्या विहारात नवी बुद्धमूर्ती बसवली होती. वरणाला दिलेली लसणाची फोडणी पार रस्त्यापर्यंत येत होती... क्लच वायर गेली उडत.

आत वंदना चालू होती. पायरीशी चपलांचा हा एवढा ढीग, आणि त्या ढिगात एक सरदारजी मांडी घालून बसलेले. निळी पगडी, पांढरी दाढी, कमरेला किरपाण, आणि हातात कुणाची तरी चप्पल.

त्यांचा टेम्पो रस्त्यावर बंद पडला होता, मेकॅनिकची वाट बघत उभे होते. मावशीच्या सासूनं, कौसाआजीनं, त्यांना "जेवून जा बापू" म्हणून आत बोलावलं होतं. आमच्याकडं जेवण असलं की वाटसरूला तसंच जाऊ देत नाहीत.

तेवढ्यात मावशीचा दीर, ज्याला सगळं गाव बबनमामा म्हणतं, बाहेर आला. मागं एका लग्नात त्याचे कोरे बूट गेले होते, ते दुःख अजून ताजं होतं... "ए सरदार! नीचे रख वो!"

झालं. सगळा मंडप गोळा झाला. कुणी म्हणे, हे लोक असेच हिंडत असतात. कुणी म्हणे, जवळ जाऊ नका, हत्यार आहे. एकानं शूटिंगच सुरू केलं, 'चप्पलचोर पकडला' म्हणून गावाच्या ग्रुपवर टाकायला. बबनमामा पोलिसांना फोन लावत होता आणि आजीवर डाफरत होता, "तूच आणलं ना ह्याला? आता बघ!"

सरदारजी उठले नाहीत, पळाले नाहीत. नुसते एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिले... मी नांदेडला गुरुद्वाराच्या लंगरमध्ये जेवलोय, पण तिथं जोडे कोण सांभाळतं याकडं कधी लक्षच गेलं नव्हतं.

मग कौसाआजी गर्दीतून पुढं आली. "काहून रे बापू, माझी चपल काहून घेऊन बसला?"

साधाच प्रश्न. पण तोवर एकानंही विचारला नव्हता.

"पुसून राहिलो माय," सरदारजी म्हणाले. नांदेडचेच निघाले, आणि आम्ही त्यांच्याशी हिंदीत भांडत होतो! "आमच्यात जेवायच्या आधी काहीतरी सेवा करावं म्हणतात. आत वाढायला तुमची माणसं बक्कळ. म्हणलं, जोडे तरी पुसून लाईनीत लावावं. गुरुद्वारात हेच करतो मी."

तेव्हा कुठं बघितलं... अर्ध्या ढिगाची रांग झाली होती. प्रत्येक जोड बाहेर तोंड करून, म्हणजे पायरी उतरली की पाय सरळ आत.

बबनमामा अजून ढिला पडेना. "मग हे हत्यार काहून?"

"दुबळ्यावर कुणी हात टाकला तर मधी उभं राहायला."

"अन् आता आमी तुमच्यावर टाकला असता तर?"

"मी कुठला दुबळा दादा? भुकेला हाय नुसता!"

सगळे हसले. शूटिंगवाल्याचा मोबाईल गपचूप खिशात गेला.

आजी मात्र हसली नाही. तिनं त्यांच्या हातातून चप्पल घेतली आणि छातीशी धरून उभी राहिली. "माझी सासू मोठ्या जातीवाल्यांच्या गल्लीतून जाताना सोताची चपल हातात घेऊन चालायची. पायात दिसली तर मार बसायचा. अन् तू माझी चपल मांडीवर घेऊन बसला व्हय रे लेकरा..."

सरदारजींनी दोन्ही हात पुढं केले. "द्या माय. एक बाजू पुसायची राहिली."

आजीनं दिली.

पंगतीत सरदारजी बबनमामाच्या शेजारी बसले. खीर खाता खाता त्यांनी विचारलं, आत मघाशी 'शरण' म्हणत होते ते काय? आणि मामा... जो घरात धड दोन वाक्यं बोलत नाही... मेकॅनिक येईपर्यंत समजावूनच सांगत राहिला.

निघताना बघितलं तर सगळ्यांचे जोडे रांगेत, फक्त सरदारजींचे स्वतःचेच बाजूला, धुळीत. बबनमामा वाकला. गळ्यातल्या रुमालानं ते पुसले आणि बाहेर तोंड करून ठेवले.

"अरे दादा, राहू द्या की!"

"जेवायच्या आधी करायचं राहिलं," मामा खालीच बघत म्हणाला, "मागून केलं तर चालतंय का?"

क्लच वायर अजून आणलेली नाही. पण परवापासून कुणाबद्दल मनात उगंच काही आलं की आजीचा तो 'काहून' आठवतो... तिचे उपकार कसे फेडायचे माहीत नाही, म्हणून काल मावशीकडं पुन्हा गेलो आणि दारातल्या सगळ्यांच्या चपला सरळ लावून आलो.