पहिला हार

फौजेचं ट्रेनिंग संपवून माझा पुतण्या चाळीसगाव स्टेशनावर उतरला, तेव्हा आमच्याआधी एका अनोळखी माणसानेच त्याला हार घातला. पांढरा सफारी, कपाळाला गुलाल, हात कायम सॅल्यूटला तयार. दुसरा हार त्याने माझ्या गळ्यात घातला आणि गल्लीत कुणी न विचारणारा मी एकदम वीरपुरुष झालो.

मिरवणूक घरी पोहोचेस्तोवर त्या सफारीवाल्याने पुतण्याच्या गळ्यात बुलेटचं कर्जही घातलं होतं. व्याज कुणी विचारलंच नाही. जामीन म्हणून मी हार न काढताच सही ठोकली.

"नव्या फौजींनाच कर्ज का देता हो?" मी कौतुकाने विचारलं.

"पगार पक्का शे, नाना. पोरगा बॉर्डरवर गया तरी काका घरमाच सापडतस."

यावर मी टाळी दिली!

आता हप्ता चुकला की तो सफारीवाला माझ्या दारात येतो. आधी कडक सॅल्यूट ठोकतो, आणि मी मूर्ख अजूनही छाती फुगवतो.