कणकेचा हात

सुजाताच्या फोनवरून फोन आला आणि पलीकडून कुणी अनोळखी माणूस ओरडत होता, "ह्या मॅडमचे तुम्ही कोण? लवकर या, तळवड्याच्या पुढं, चाकणच्या रोडला! कंटेनरनं उडवलंय!" मी कोण... सहकारी म्हणावं, मित्र म्हणावं, की तिचा सगळ्यात नाठाळ विद्यार्थी, हे ठरवायला वेळच नव्हता. आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये साठ पोरांना घेऊन मी तिचीच वाट बघत होतो. तसाच धावलो. पोचलो तोवर तिला अँब्युलन्समध्ये घालून नेलं होतं. ती वाटेतच गेली हे मला तासाभरानं कळलं. रस्त्यावर तिची स्कूटर चपटी होऊन पडली होती आणि थोड्या अंतरावर एका माणसानं आपला रुमाल कशावर तरी झाकला होता. "बघू नका सर," तो म्हणाला, "हात आहे मॅडमचा." मी रुमाल उचलला. हात नव्हता. निळा कामगारी हातमोजा होता, टायरखाली फुटलेला. त्यात भरलेली कणीक बोटांमधून बाहेर आली होती आणि कणकेत गाजराचे तुकडे दिसत होते. तो मोजा कशासाठी होता ते पुढे सांगतो. तेव्हा मात्र मी हसलो. भर रस्त्यात, एवढ्या लोकांदेखत मोठ्यानं हसलो, आणि मग वळून ड्रायव्हरकडे गेलो.

लोक त्याला आधीच तुडवत होते. त्याचा शर्ट फाटलेला, एक डोळा मिटलेला. मी गर्दीत घुसलो, त्याची गचांडी धरली आणि दोन लगावल्या. तिसरीला त्याच्या दातांवर माझी बोटं फुटली. "निष्काळजी साल्या! दिसत नाही माणूस?" तो हात जोडून म्हणत होता, "साहब, तीन रात से सोया नहीं." मी चौथी मारली. पोलिसांनी मला मागून कमरेला धरून ओढून काढलं. हे सगळं लिहू नकोस, असं घरी बायको म्हणाली. पण सुजातावर लिहायचं आणि हे गाळायचं, तर तिनं मला फाडून खाल्लं असतं.

सुजाता गायकवाड आमच्या कॉलेजात आली तेव्हा झेरॉक्सच्या शेजारच्या खोलीवर 'अध्यापन कक्ष' अशी नवी पाटी लागली होती. काम काय, तर प्राध्यापकांना आपापले कोर्स नव्यानं बांधायला मदत करायची. पोरांनी नुसतं उतरवून न घेता स्वतः करावं, भांडावं, चुकावं आणि त्यातून शिकावं, असे कोर्स. मी एकोणीस वर्षं उत्पादन प्रक्रिया शिकवत होतो. आम्ही स्टाफरूममध्ये खिदळलो, म्हटलं, आता आपल्याला शिकवायला शिकवणार ही बाई! पहिल्याच मंगळवारी ती माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसली आणि तास संपल्यावर म्हणाली, "जाधव सर, पंचावन्न मिनिटांतली बावन्न तुम्ही बोललात. उरलेली तीन हजेरीची." माझं डोकंच फिरलं. हातातला मार्कर मी भिंतीवर फेकला. "मग काय तमाशा करू वर्गात?" तिनं मार्कर उचलला, त्याचं टोपण शोधलं, नीट बसवलं आणि माझ्या हातात दिला. "करून बघू," म्हणाली. पुढच्या मंगळवारी पुन्हा त्याच बाकावर हजर.

तिला कुणी मवाळ समजू नये. एका मीटिंगमध्ये एक विभागप्रमुख म्हणाले, "आमची पोरं गावाकडची, कामगारांची. त्यांची एवढी लायकी नाही हो." सुजातानं टेबलावर असा हात आपटला की पाण्याचा ग्लास फुटला आणि तळहातात काच घुसली. रक्त टेबलावरून कागदांवर. तिनं ओढणीनं हात आवळून बांधला, "लायकी काढायची नाही," एवढं म्हणाली आणि मीटिंग पुढे चालू! त्या दिवसापासून आम्ही तिला बघून खिदळायचं बंद केलं. पण माझा कोर्स मी काही बदलला नाही. माझ्या नोट्स पिवळ्या पडल्या होत्या आणि मला त्यांचा अभिमान होता.

मग गणेशचं झालं. गणेश माझ्याच हाताखाली शिकून बाहेर पडलेला, चाकणकडच्या एका छोट्या युनिटमध्ये ट्रेनी म्हणून लागलेला. पॉवर प्रेसवर त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. मी हॉस्पिटलात गेलो तेव्हा त्याची आई कॉरिडॉरच्या भिंतीवर कपाळ आपटत होती आणि दोन बायका तिला धरून होत्या. ज्यांनी ही प्रेस पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच वरचा ठोका खाली येतो, म्हणजे दोन्ही हात बाहेरच राहतात. पण असं करत बसलं तर माल निघत नाही. म्हणून कामगार एका बटणात लाकडाची पाचर ठोकतात. ते बटण दाबलेलंच राहतं, मग एका हातानं पत्रा सरकवायचा आणि दुसऱ्यानं बटण दाबायचं. "पाचर मारली होती सर," गणेश म्हणाला. "सगळेच मारतात." मी म्हटलं, "अरे, पण तुला तर..." तो बँडेजकडे बघत म्हणाला, "माहीत होतं ना सर. त्या प्रश्नाला तुम्ही पाचपैकी पाच दिले होते."

मी कॉलेजात परतलो आणि कोर्सची फाइल काढली. मान्यता समितीला दाखवायला आम्ही त्यात उत्तम उत्तरांचे नमुने लावतो. पहिलाच नमुना गणेशचा होता. सुवाच्य अक्षर, खाली रेघा, पाच मुद्दे. वर माझी लाल शाई. ती फाइल मी सुजाताच्या टेबलावर आपटली आणि खुर्चीला लाथ घातली. खुर्ची कपाटावर जाऊन आदळली. मला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी शिव्या देत होतो. सुजातानं पेपर वाचला. उठून दार लावलं. माझं सांत्वन वगैरे तिनं काही केलं नाही. "माझ्या बाबांची बोटं अशीच गेली," ती म्हणाली. "भोसरीत, एका शेडमध्ये. मी आठवीत होते. कंपनीचा अहवाल इंग्रजीत आला, तो मीच त्यांना वाचून दाखवला. बाबा विचारतायत, ह्या शब्दाचा अर्थ काय गं? मी डिक्शनरी काढून बघितला आणि सांगितला... निष्काळजीपणा. मी सांगितला, जाधव. माझ्या तोंडानं." मग तिनं कोरे कागद पुढे ओढले. "बसा आता. कोर्स परत लिहू."

ती सगळी उन्हाळी सुट्टी आम्ही भांडलो. तिनं मला तयार आराखडा म्हणून कधी दिला नाही. "कोर्स तुमचा आहे. मी फक्त विचारणार." आणि विचारायची काय, तर एकच. "सहा महिन्यांनी पोरगं मशीनसमोर उभं असेल आणि तुम्ही तिथं नसाल. तेव्हा त्याच्या हातानं काय करायला हवं?" बावीस धड्यांचे नऊ झाले. प्रत्येक धडा काढताना, कुणी माझी गाय कसायाकडे नेत असल्यासारखा मी बोंबललो. एकदा कँटीनमध्ये आम्ही दोघं इतके पेटलो की कँटीनवाल्यानं मध्ये येऊन विचारलं, "मॅडम, कुणाला बोलावू का?" ती म्हणाली, "दोन चहा बोलवा."

त्यातून ते प्रॅक्टिकल निघालं. वर्कशॉपमध्ये एक जुनी प्रेस होती. तिची मोटर बंद ठेवायची आणि फक्त लाल दिवा जोडायचा, हात आत असताना बटण दाबलं गेलं की लागणारा. तासाभरात किती पत्रे सरकवून बटण दाबायचं, ते टार्गेट फळ्यावर लिहायचं. त्याचा आकडा सुजातानं स्वतः दिला. पोरांना एवढंच सांगायचं की टार्गेट पूर्ण करा. पाचर दाखवायची नाही. लाकडाचे तुकडे मात्र आसपास पडलेले असू द्यायचे. आणि माझ्यासाठी वेगळा नियम. पोरं काम करत असताना मी बोलायचं नाही आणि दोन्ही हात खिशात ठेवायचे. "तुमचे हात फार सुटतात," ती म्हणाली.

पहिल्या वेळी दहा मिनिटांत पाचर ठोकली गेली. ज्यांनी परवा पाच मुद्दे पाठ म्हणून दाखवले होते त्याच पोरांनी ठोकली, वर एकमेकांना टाळ्या दिल्या. लाल दिवा लागला, हसले, पुन्हा लागला. मी उसळून एकाच्या कानफटात मारायला गेलो तर सुजातानं माझं मनगट धरलं. "खिशात." तास संपला तेव्हा तिनं सगळ्यांना पिवळ्या पट्ट्याच्या मागे उभं केलं, मोटर लावली, पिशवीतून कणकेनं भरलेला, बोटांत हाडांच्या जागी गाजरं घातलेला निळा मोजा काढला, चिमट्यानं ठोक्याखाली ठेवला आणि दोन्ही बटणं दाबली. गाजरं मोडल्याचा कट्कन आवाज आला. कणीक उडून पट्ट्यापर्यंत आली. एक पोरगा बाहेर पळाला आणि ओकला. मग ती पोरं दोन तास बोलत होती, एकमेकांवर धावून जात होती, रडत होती. एकोणीस वर्षांत माझ्या वर्गात असं काही घडलं नव्हतं.

मी खुशीत होतो. सुजाता मात्र मशीन पुसता पुसता म्हणाली, "अजून एक प्रश्न यायचाय." कोणता म्हटलं तर सांगेना. "सांगितला तर तुम्ही बोलून टाकाल आणि तो पुन्हा पाच मार्कांचा होईल." त्यानंतर चार बॅचेस गेल्या. दर वेळी पोरं शेवटी एकच सांगायची, कामगारानं काळजी घ्यायला हवी. सुजाता ऐकायची, मान हलवायची आणि चिमटा धुवायला निघून जायची. पाचव्या बॅचच्या प्रॅक्टिकललाच ती येत होती, त्या दिवशी.

पिंपरीला तिच्या घरी जलदानविधी झाला, त्रिशरण म्हणून झालं, आणि दुसऱ्याच आठवड्यात आमचे प्रमुख मला म्हणाले, "जाधव, आता ते हातमोज्याचं बंद करा. पोरं घाबरतात, पालक विचारतात आणि सिलॅबस मागे पडतोय. ज्यांची हौस होती त्याच गेल्या." हौस! मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलला होता, खोटं कशाला बोलू. खाली ठेवला. पण खरं सांगायचं तर बंद करायचं माझ्याही मनात होतं. तो रस्त्यावरचा मोजा डोळ्यांपुढून जात नव्हता. पुन्हा तसला मोजा हातात घ्यायची माझी छाती नव्हती.

रविवारी सकाळी कॉलेजातल्या तिच्या खोलीतल्या वस्तू परत द्यायला मी तिच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. तिचे बाबा स्वयंपाकघरात जमिनीवर परातीपुढे बसले होते. डाव्या हातानं आणि उजव्या हाताच्या नुसत्या तळव्या-अंगठ्यानं कणीक मळत होते. शेजारी सोललेली गाजरं आणि निळे मोजे. मी उंबऱ्यातच थांबलो. इतकी वर्षं मला वाटायचं, मोजा तीच भरते.

"या सर," ते म्हणाले. "उद्या परॅक्टिकल हाय न्हवं? तिच्या वहीत लिवलंय."

"बाबा, तुम्ही भरत होता?"

"मग? तिला कुठं जमायचं. बोटं नीट भरली न्हाईत की हात वाटत न्हाई तो." त्यांनी परातीत पाणी शिंपडलं. "आन् फळ्यावर आकडा लिवताय ना, त्यो माजा हाय. बोटं गेली त्या दिशी मला दिल्याला."

वस्तू कोपऱ्यात ठेवल्या. मोजा घेऊन निघालो. सोमवारी प्रमुखांना न विचारता वर्कशॉप उघडलं, फळ्यावर तो आकडा लिहिला आणि हात खिशात घातले. आठव्या मिनिटाला पाचर ठोकली गेली. नंतर पोरांना पट्ट्याच्या मागे उभं करून मी मोटर लावली, दोन्ही बटणं दाबली आणि ठोका पडताना डोळे मिटून घेतले. पोरं बोलू लागली. कामगारानं काळजी घ्यायला हवी, नियम पाळायला हवेत, नेहमीचंच. तेवढ्यात मागून तळेगावची प्राजक्ता पुढे आली. वर्गात कधी तोंड न उघडणारी पोरगी. तिच्या वहीत आकडेमोड होती. "सर, मी घड्याळ लावून बघितलं," ती म्हणाली. "दोन्ही बटणं दाबून हे टार्गेट पूर्ण होऊच शकत नाही. कितीही जोर लावला तरी नाही. मग निष्काळजी कोण?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं, ओरडून सांगावं असं. मी सांगितलं नाही. आणि खिशातल्या खिशात माझी फुटलेली बोटं ठणकायला लागली, कारण मला एकदम त्या ड्रायव्हरचं तोंड दिसलं. साहब, तीन रात से सोया नहीं. 'निष्काळजी' हाच शब्द मी त्याच्या तोंडावर मारला होता, चार वेळा.

संध्याकाळी थेट पिंपरीला गेलो आणि बाबांना प्राजक्ताचा प्रश्न सांगितला. ते बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. मग डोळे पुसून म्हणाले, "तुमी उत्तर दिलं न्हाई न्हवं?"

"नाही."

"ब्येस केलं. तिला आवडलं असतं."

मग मी त्यांना ड्रायव्हरचंही सांगितलं. कसा मारला, काय म्हणून मारला, तो काय म्हणत होता, सगळं. मला वाटलं, उठून जातील. ते म्हणाले, "मला बी वाटलं हुतं, सर. माज्या म्होरं आला असता तर म्या बी मारला असता. लेक गेली माजी." त्यांचा आवाज फाटला. मग त्यांनी विचारलं, "तीन रात जागवून त्याला गाडीवर कुनी पळवला, ते कुनी इचारलं का त्याला?"

कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. उद्या पोलीस चौकीत जाऊन माझा जबाब पुन्हा देतो, तो काय म्हणाला ते आणि मी काय केलं ते, दोन्ही सांगतो, असं मी म्हटलं. दुसऱ्या तुकडीचं प्रॅक्टिकल गुरुवारी होतं. त्यांनी पुडक्यातून नवा मोजा काढून मांडीवर पसरला आणि परात पुढे ओढली. मी खिशातून हात काढले आणि गाजरं सोलायला घेतली.