परबांचं वाळवंट

नंदकिशोर परबला कुणी पर्यावरणप्रेमी म्हटलं की मला हसू येतं. झाडांवर त्याचं प्रेम वगैरे काही नव्हतं. त्याला राग आला होता, एवढंच.

कांजूरमार्गला आमच्या सोसायटीच्या मागे बंद पडलेल्या दगडखाणीचा उतार आहे. जागा सोसायटीचीच. आम्ही राहायला आलो तेव्हा तिथे नुसती खडी, मुरूम आणि बिल्डरने टाकून दिलेलं डेब्रिस. मे महिन्यात तिथली धूळ आमच्या पोह्यांत यायची. सगळे त्याला वाळवंटच म्हणायचे. नंदकिशोर टेलिफोन खात्यातून निवृत्त झाला आणि त्याची बायको कुंदा म्हणाली, "दिवसभर बसून माझ्या फोडणीवर लक्ष ठेवू नका. जा त्या वाळवंटात."

तो रागाने खरंच गेला.

पहिल्या वर्षी हौसेने गुलमोहर लावले. सगळे वाळले. कुंदाने टोमणे मारमारून जीव नको केला, तेव्हा तो गावाहून करवंदाची रोपं, निरगुडीच्या काड्या आणि आणखी कसली कसली झुडपं घेऊन आला.

"हे काय, नुसते काटे?" मी म्हटलं. "सावली कधी मिळणार यांची?"

"आधी जगू देत. सावलीचं मग बघू."

दगडांचे छोटे बांध घातले, आळी केली, तांदूळ धुतलेलं पाणी बादलीने खाली नेलं. कितीतरी वर्षं झुडपं आपली गुडघ्याएवढीच. येता-जाता मी विचारायची, "काय परब, वाळवंटात उंट कधी आणतोस?"

"तुम्ही येता ना ताई, मग उंट कशाला?"

उद्धट माणूस. पण खरं ते सांगितलं पाहिजे. आज वीस वर्षांनी त्या करवंदांखाली हात घातला तर पाचोळा कुजून झालेली काळी माती लागते. पूर्वी पावसाळ्यात तळमजल्यावरच्या प्रेमावहिनीच्या स्वयंपाकघरात चिखल शिरायचा, तो बंद झाला. पाणी आता उतारावरच मुरतं. धूळ गेली. बुलबुल आले. एकदा वॉचमनच्या खुर्चीखाली धामण आली, तेव्हा मात्र परबाला दोन दिवस कुणी नमस्कार केला नाही. आणि गंमत म्हणजे, पाखरांनी टाकलेल्या बिया काट्यांच्या आडोशाला रुजल्या, चरायला येणाऱ्या बकऱ्यांचं तोंड तिथे पोचलं नाही, आणि शिवण आणि उंबर आपोआप उभे राहिले. आता ते दुसऱ्या मजल्याला लागलेत.

नंदकिशोर त्यांचंही श्रेय घेतो.

"ती पाखरांनी लावली," मी म्हटलं.

"आणि पाखरांना बोलावलं कोणी?"

तर असं सगळं झकास चाललेलं असताना सोसायटीतल्याच शकुच्या मुलाने, राजेशने, भलीमोठी गाडी घेतली. ठेवायला जागा नाही. त्याने सूचना मांडली, उतार सपाट करू, काँक्रीट टाकू, पार्किंग करू. निम्म्या सोसायटीने मान डोलावली. नंदकिशोरच्या तोंडचं पाणी पळालं.

"जेसीबी आला तर मी आडवा पडेन," तो म्हणाला.

"पडा," कुंदा म्हणाली. "पण जेवून."

सभेत काय बोलायचं ते मी त्याच्याकडून घोटून घेतलं. माती, पाणी, धूळ, मुळांनी धरलेला उतार. सगळं पाठ. पण माइक हातात आला आणि याची बोबडी वळली. "सन्माननीय सदस्यहो," झालं. "सन्माननीय सदस्यहो," पुन्हा झालं. मग त्याने डोळे मिटले. दरवर्षी सोसायटीच्या गणपतीपुढे गाऱ्हाणं तोच घालतो. माणसांपुढे न फुटणारा आवाज देवापुढे मात्र खणखणीत.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां हय गोळा झाली हत, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सभागृह गरजलं. अर्धी सोसायटी मालवणची, गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला व्हय म्हणत वाढलेली. तोंडून दुसरं निघणार काय?

"त्या उतारावरची करवंदां, निरगुडी, सगळी झाडपेडां सुखी ठेव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाक गाडी ठेवूक जागा होयी झाली, तर ती दुसरीकडे दी. पण त्या रानाक कोणाचा लोखंड लागूक देव नको, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज राजेशचा. सेक्रेटरी धवल शहासुद्धा हात जोडून ओरडला.

मग धवल म्हणाला, "आता मतदान घेऊ ना?"

"कसलं मतदान?" शकु उठली. "देवासमोर व्हय म्हटलात ना सगळ्यांनी?"

"आई, अगं सवयीने निघालं तोंडातून!"

"सवयीने असो नाहीतर कसंही. तू आता फिरून दाखव."

राजेश फिरला नाही. कोणीच फिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर नंदकिशोर कोयता घेऊन उतारावर. शिवणीच्या सावलीत त्याची तरवडं मरायला टेकली होती. पिवळ्या फुलांचं ते झुडूप, त्याला लख्ख ऊन लागतं. म्हणून नंदकिशोरला शिवणीच्या चार फांद्या उतरवायच्या होत्या.

"ओ परबकाका!" राजेश बाल्कनीतून ओरडला. "कोयता खाली! रानाक लोखंड लागूक देव नको, कोण म्हणालं काल?"

"अरे, ते जेसीबीचं होतं!"

"म्हाराजाला तसं सांगितलं नव्हतंत."

नंदकिशोरने माझ्या खिडकीकडे पाहिलं. "ताई, तुम्ही तरी सांगा याला."

"मीपण व्हय म्हटलंय रे," मी म्हटलं.

चरफडत त्याने कोयता ठेवला. तरवडाचं एक लहान रोप मुळासकट काढून उन्हात लावावं म्हणून कुदळ उचलली.

"कुदळपण लोखंडाचीच, काका!"

आता मात्र अख्खी सोसायटी खिडक्यांत. वरून कुंदाचा आवाज आला, "अहो, भाताचा लाकडी कालथा टाकू का खाली?"

नंदकिशोरने क्षणभर विचार केला आणि ओंजळ पुढे केली. "टाक."