दोन चौकटींच्या मधली

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आधीही नव्हता आणि हे सगळं होऊन गेल्यावरही नाही… आधीच सांगून ठेवते, म्हणजे "बाईंना वयामुळे भास होतात" असं कुणी म्हणायला नको. आमचं घर दीक्षा घेतलेलं. वडील रोज संध्याकाळी वंदना घ्यायचे, आणि वस्तीत कुणाच्या अंगात आलं की "आधी दवाखान्यात न्या, मग बघू" म्हणायचे. घरात देव्हाराच नव्हता, तिथं भूत कुठून शिरणार? तरीही जे घडलं ते घडलं. आणि खरं सांगते, मला भीती वाटलीच नाही. मला राग आला. मी जळले!

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. आम्ही पौडला राहायचो, एसटी स्टँडच्या मागच्या आळीत. इंदूमावशी म्हणून घरमालकीण होत्या. जमीनजुमला बऱ्यापैकी, घर मोठं, त्यातल्या मागच्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं दिलेल्या. मी घोटावड्याच्या शाळेत शिकवायचे, एसटीनं जाऊन-येऊन. आमचे हे पौडलाच हायस्कुलात चित्रकलेचे मास्तर.

यांना नाद एकच – चित्रकथा. स्टँडवरच्या स्टॉलला लोंबणारी, राजपुत्र-राक्षसांची रंगीत कॉमिक्स नव्हेत हं. यांच्या गोष्टीत कंडक्टर असायचा, बाजाराला निघालेली म्हातारी असायची, कधी नुसतीच खुंटीवर अडकवलेली छत्री. स्टेन्सिलवर स्वतः रेषा कोरायच्या, ओळखीनं मिळालेल्या सायक्लोस्टाइल मशिनवर प्रती काढायच्या, मी त्या दाभणानं शिवायच्या आणि ओळखीपाळखीत वाटायच्या. छापणारं कुणी नाही, मागणारं कुणी नाही. पण एक मान माझा होता. पहिली वाचक मी.

आमची एक रीत होती. हे आधी कच्च्या कागदावर मुकी पानं काढायचे, म्हणजे नुसती चित्रं, अक्षर एक नाही. ती ट्रंकेत ठेवायचे. मी शाळेतून आले, चहा झाला, की पानं काढून वाचायचे आणि ज्या चौकटीपाशी डोळा अडेल तिथं पेन्सिलीनं बारीक ठिपका द्यायचे. काही बोलायचं नाही. का अडला ते यांनी शोधायचं. ठिपका पाहून हे कधी चेहरा बदलायचे, कधी सबंध चौकट फेकून द्यायचे. लोकांच्या नवऱ्यांनी बायकोला साड्या आणल्या असतील, माझ्या नवऱ्यानं मला तो ठिपका दिला होता. मला त्याची घमेंड होती, चांगली मूठभर मांस चढेल इतकी.

तर एक दिवस मी शाळेतून येते तो हे दारातच. चेहरा उजळलेला.

"मंदा, काय ठिकाणी ठिपका दिलायस गं आज!"

"मी? मी आत्ता येतेय."

"मग सकाळी वाचलं असशील."

"सकाळी मला केस विंचरायला फुरसत नव्हती. दाखवा बघू."

गोष्ट अशी होती – एक बाई नवऱ्याला मुंबईच्या गाडीत बसवून द्यायला पौडच्या स्टँडवर येते. गाडी सुटते. पुढच्या चौकटीत ती घरी चूल पेटवत असते. ठिपका ना गाडीच्या चौकटीत होता, ना चुलीच्या. दोन चौकटींच्या मधे जी कोरी पट्टी असते, तिच्यात होता. आमच्याच पेन्सिलीचा, बारीक, हलक्या हाताचा.

माझा ठिपका जन्मात कधी चौकटीबाहेर पडला नव्हता. चित्र चौकटीत असतं, मग बाहेर बघायचंच कशाला! पण हे त्या पट्टीकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "बरोबर आहे. स्टँडपासून घरापर्यंतची तिची वाट मी वाचणाऱ्याला चालूच दिली नाही. उडी मारायला लावली." आणि त्यांनी काय करावं? गाडी आणि चूल यांच्यामधे अर्धं पान कोरं सोडलं. कागद काय भावानं येतो ते मी सुनावलं, पण ऐकतंय कोण.

अंक वाटला गेला. एरवी "छान आहे मास्तर" म्हणून खिशात घालणारा आमच्या रूटचा कंडक्टर मला गाडीत तिकीट देता देता म्हणाला, "बाई, ते मधी कोरं ऱ्हायलंय का मास्तरांनी मुद्दाम ठेवलंय? मला लई कसंतरी झालं बगा. पान उलटंना." इतक्या वर्षांत यांच्या गोष्टीबद्दल कुणी असं बोललं नव्हतं. आणि ते माझ्यामुळे नव्हतं.

त्यानंतर ठिपके येतच राहिले. दर वेळी माझ्या आधी, दर वेळी पट्टीत. मी पानं हातात घ्यावीत तर जागा आधीच अडवलेली. आधी मला वाटलं, हेच माझी थट्टा करतायत. विचारलं तर इतके गोंधळले की मलाच कसंनुसं झालं. मग संशय इंदूमावशींच्या घरावर. गेले तणतणत. त्या ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या.

"मावशी, आमच्या खोलीत कोण येतं हो दुपारचं?"

"कोन येतंय? मी हितंच बसलेली असतीया दिसभर. मांजर बी माज्यावरनं गेल्याबगार आत जात न्हाई."

"मग आमचे कागद कोण उचकतं?"

"कागद? अगं बाय, कागदाचं काय करायचं आमाला? ट्रंकंतलं लुगडं गेलं आसतं तर म्या मानलं आसतं."

शेवटी मी परीक्षाच घ्यायची ठरवली. हे परीक्षेच्या कामाला काही दिवस पुण्याला गेले होते. जाताना नवी पानं माझ्यासमोर ट्रंकेत ठेवली. ते गेल्यावर मी प्रत्येक पान उजेडात धरून पाहिलं, एक डाग नव्हता. कुलूप लावलं, किल्ली सेफ्टी पिननं ब्लाउजला आतून अडकवली आणि शाळेत गेले. दिवसभर किल्ली टोचत होती, म्हणजे ती तिथंच होती. परत आले, कुलूप तसंच. उघडलं…

तिसऱ्या पानावर, पट्टीत, ठिपका.

आता माणसानं घाबरावं की नाही? खोलीत मी एकटी, लख्ख ऊन, बाहेर मावशींच्या कोंबड्या. मी मात्र ते पान घेऊन बसले आणि ठिपका तिथंच का, ते शोधत राहिले. आणि सापडलं. अगदी अचूक होता. तेवढ्यानं माझं डोकं फिरलं. चुकीचा असता तर मी एखादे वेळी घाबरलेही असते!

भिंतीकडे तोंड करून मी चक्क भांडले. "हे बघ, तू कोण असशील ती अस. नवरा माझा आहे, गोष्टी माझ्या घरातल्या आहेत. पहिली वाचणार मी. वाचायचंच असेल तर अंक निघाल्यावर चार लोकांसारखा वाच. समजलं?"

खिडकीतून मावशी डोकावल्या. "कुनासंगं भांडतीयास गं मास्तरीण?"

"सवतीशी!"

"या बया… मास्तर तसलं वाटत न्हाईत."

त्या दिवसापासून ठिपके बंद झाले. पुढे एकदाही आला नाही. मी जिंकले होते, घरात गोड करून खावं इतकं जिंकले होते.

पण हे मात्र आतून मिटून गेले. पुण्याहून आले, पानं काढली, आधी पट्ट्या न्याहाळल्या – एकेक, खिडकीपाशी नेऊन. मग माझ्याकडे वळून "तुला काय वाटतं?" म्हणाले. विचारायचं म्हणून विचारलं, एवढंच. माझे ठिपके ते मान डोलावून बघायचे आणि बाजूला ठेवायचे. हळूहळू पानंच कमी झाली. हात चालत नाही म्हणायचे. मी आजारी पडले असते तर यांनी धावपळ केली असती, नाही असं नाही. पण माझा ठिपका आला नाही म्हणून यांचा हात थांबला असता का? मला ते कधीच विचारवलं नाही.

पुष्कळ महिन्यांनी यांनी एक गोष्ट काढली. दोन भाऊ, नेरे गावाकडचे. एका चौकटीत एका ताटात जेवतायत, पुढच्या चौकटीत शेताच्या मधोमध बांध घालतायत. मी ती पानं ओढ्याकाठी बसल्यासारखी निवांत वाचली. आणि मला पट्टी दिसली! ताट आणि बांध यांच्यामधे कुणीतरी पहिला शब्द बोललंय, आणि तो बोलणारा कोण हे यांनी चोरून ठेवलंय. मला ते चित्रातल्याइतकं लख्ख दिसलं. मी पेन्सिल घेतली आणि पट्टीत ठिपका दिला. आयुष्यात पहिल्यांदा.

हे आले, ट्रंक उघडली, आणि ओरडलेच. "मंदा! आली गं, परत आली! बघ, बघ कुठे दिलाय ठिपका!"

"अहो, मी दिलाय तो."

हे हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. माझ्या खांद्यावर हात ठेवून, लहान मुलीची समजूत घालावी तसं म्हणाले, "वेडे, तुझा ठिपका मी ओळखत नाही का?" आणि कागद पुढे ओढून कामाला लागले.

माझी भाची डॉक्टर आहे. ती म्हणते, "मावशी, सगळे ठिपके तूच देत असशील, तुझ्या नकळत." असेलही बाई. मग मी काय स्वतःवरच जळत होते? आणि कुलूपबंद ट्रंकेतलं पान, मी घोटावड्याला पाढे घेत असताना?

कोण होती, कुठून यायची, माझ्या एका रागावण्यानं कशी गेली – मला आजवर कळलेलं नाही, आणि आता कळेल असंही वाटत नाही. तुम्ही या गोष्टीतल्या बाकी कशावर विश्वास ठेवू नका हवं तर. पण तो शेवटचा ठिपका माझा होता. यांनी मानलं नाही, निदान तुम्ही तरी माना.