शिंपीकाकांचा पुढचा दात
शिंपीकाकांचा पुढचा एकच दात उरला होता आणि तोही हलत होता. त्यांच्या वडिलांनी दात गेल्यावर मशीनवर झाकण घातलं ते कायमचंच, म्हणून काकांनी हाय खाल्ली होती. सकाळी तिळाचं तेल तोंडात घोळवायचे, दुपारी कोमट मीठपाण्याच्या गुळण्या, संध्याकाळी हिरडीला लवंग. तोंडाचा नुसता मसाल्याचा डबा झाला होता! आणि एवढी सेवा करून दिवसभर त्याच दातानं दोरा तोडायचे.

"अहो, गळ्यातली कात्री काय दागिना आहे?" काकू टोमणा मारायच्या.

"बापजन्मी कात्रीनं दोरा तोडला नाही आम्ही!"

काल मात्र घाबरून त्यांनी कात्री धरली. कोटाची चार बटणं नीट लागली. पाचव्याला हात सवयीनं तोंडाकडे गेला. जाड दोरा शाबूत राहिला, दात मांडीवर पडला.

काकांनी मशीनवर झाकण घातलं. काकूंनी कात्रीनं दोरा कापला आणि मीठपाण्याचा पेला पुढे केला.

"गुळणी करा."

"कोणासाठी करू आता?" काका म्हणाले, आणि झाकणावरचा हात काही त्यांनी काढला नाही.